चौकटमामांचा पांढरा

भिंत रंगवणाऱ्याला चौकटमामा रंगारी मानतच नसत. "भिंत काय, कुणीही रंगवेल. रोलर घ्यायचा आणि वर-खाली करायचं. दार रंगवून दाखवा!" असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं त्यांनी घराच्या आतली दारं, चौकटी, खिडक्यांच्या कडा आणि भिंतीच्या पायथ्याशी असते ती लाकडी पट्टी, एवढंच रंगवलं. एखाद्या घरमालकानं गळ घातली, "मामा, ही एवढी एकच भिंत राहिलीये हो," की मामा डब्याचं झाकण ठोकून चपला शोधायला लागत. त्यांच्या भाचीनं लहानपणी "माझा चौकटवाला मामा" म्हणायला सुरुवात केली, तेच नाव पुढे सगळ्या गल्लीनं उचललं. खरं नाव घ्यायची ती फक्त त्यांची बायको, आणि तेही भडकली तरच.

दार रंगवायचं म्हणजे त्यांच्या लेखी शस्त्रक्रियाच असायची. आधी बिजागऱ्या काढून दार आडवं झोपवायचं. खोलीची फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, म्हणजे धूळ उडत नाही. खिडक्या बंद, पंखा बंद. रंग जुन्या मऊ कापडातून दोनदा गाळायचा. मग घरातल्या सगळ्यांना बाहेर काढायचं आणि वरून दम द्यायचा, की शिंक आली तर रस्त्यावर जाऊन शिंका. शेवटचा हात मारताना तर मामा स्वतःचा श्वासही रोखून धरत. दार सुकून उभं राहिलं की त्यात तोंड बघून केस विंचरावेत असं गुळगुळीत व्हायचं. हे मी कौतुकानं फुगवून सांगत नाहीये. एका घरच्या बाई खरंच तशा विंचरत असत.

रंग मात्र एकच, पांढरा. आणि तोही ऑइल पेंट. पाण्यात कालवायचे रंग बाजारात येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांचं नाव काढलं की मामा नाक मुरडत. "पाण्याचा रंग म्हणजे दारावर दूध सांडल्यासारखं. अंगच नाही त्याला." ऑइल पेंटचा पांढरा काही वर्षांनी पिवळा पडतो, असं कुणी म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "दुसऱ्यांचा पडत असेल. माझा पिवळा पडला तर मिशी उतरवीन!"

आणि हे हवेतलं बोलणं नव्हतं हं. पुरावा होता त्यांच्याकडे. घरात पुढच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर, त्यांनी एक लांबलचक फळी ठोकली होती. प्रत्येक कामाच्या डब्यातला थोडा रंग ते वीतभर प्लायच्या पट्टीला लावत. दोन्ही बाजूंनी, कारण एकाच बाजूनं रंगवली की पट्टी वाकते. मग कडेला पेन्सिलनं तारीख टाकून ती पट्टी दोन स्क्रूंनी फळीवर घट्ट बसवायची. अशा शंभरेक पट्ट्या होत्या. नवीन गिऱ्हाईक आलं की मामा त्याला चहाच्या आधी फळीसमोर उभं करत. "ही बघा, बारा वर्षांपूर्वीची. ही त्याच्याही आधीची. आहे कुठे पिवळेपणा? दाखवा!" सकाळचं ऊन सरळ त्या पट्ट्यांवर पडायचं आणि त्या अशा लखलखायच्या, की गिऱ्हाईक मुकाट्यानं होकार देऊन जायचं.

मामांची मोठी बहीण, आक्का, तिथून तीन गल्ल्या पलीकडे राहायची. वय चौऱ्याहत्तर. यजमान जाऊन नऊ वर्षं झालेली. आयुष्यभर तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, त्यामुळे माणसं ती चेहऱ्यापेक्षा आवाजानंच जास्त ओळखायची, आणि पुढे ते तिच्या फार कामाला आलं. कारण चार वर्षांपूर्वी तिच्या नजरेच्या मधोमध धुकं बसलं. समोरचं पुसट दिसायचं, कडेनं थोडंफार कळायचं. डोळ्यांचे डॉक्टर सरळ म्हणाले, "आजी, हे बरं होणार नाही. पण जेवढं दिसतंय तेवढ्यात घर सोपं करून घ्या."

घरात अवघड जागा एकच होती, मधला बोळ. ना खिडकी, ना झरोका. त्याच्या दोन्ही अंगांना मिळून चार दारं. झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि अडगळ. चौकटी तेव्हा काळपट तपकिरी होत्या. आक्काला काळी चौकट कुठे संपते आणि उघड्या दारातला काळोख कुठे सुरू होतो, तेच कळेना. मोकळी जागा समजून जायची ती थेट लाकडावर. मोठा दिवा लावला तर डोळे दिपून उरलंसुरलंही दिसेनासं व्हायचं. डॉक्टरांनीच सुचवलं, भिंती बदामी आहेत ना, मग चौकटी पांढऱ्याशुभ्र करा, कडा उठून दिसतील.

झालं! मामांनी आठ दिवस बाकीची सगळी कामं बाजूला सारली आणि बहिणीच्या घरात मुक्काम ठोकला. रंग सुकल्यावर आक्का बोळाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, मान जराशी वळवून कडेच्या नजरेनं बघत राहिली, आणि म्हणाली, "अरे, दारं परत आली की रे माझी!" मामांनी चाळीस वर्षांत शेकडो घरं केली असतील, पण त्या एका वाक्यावर त्यांचे डोळे भरून आले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते आक्काकडे जात, चहा पीत, आणि जाताना बोळातल्या चौकटीवरून हात फिरवून विचारत, "काय आक्का, दिसतायत ना दारं?" आक्का म्हणायची, "दिसतायत तर! न दिसायला काय झालं?"

दोन वर्षं अशी गेली. मग एका मंगळवारी भाचीचा, म्हणजे आक्काच्या मुलीचा, फोन आला. भाची दुसऱ्या गावी औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. पोरगी आईसारखीच बोलायला सडेतोड. "मामा, आई न्हाणीघराच्या चौकटीवर आदळली. भुवईवर टेंगूळ आलंय, दोन टाके पडलेत. मी आलेय इथे. पुढच्या पंधरवड्यात मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार, आणि हे घर बंद."

मामा धावतपळत गेले. आक्का पलंगावर बसलेली, एका डोळ्यावर पट्टी, आणि चेहरा असा की कुणी तिची सगळी माणसं एका फटक्यात तोडली असावीत. "मी नाही जाणार," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "इथं मला प्रत्येक आवाज ठाऊक आहे. कोपऱ्यावरचा दुकानदार खोकला तरी मला कळतं. तिथं सातव्या मजल्यावर मी काय करू? खुर्चीत बसून भिंत बघू? तीही दिसत नाही मला!"

"आई, इथे तुला दार दिसत नाही!" भाची कळवळून म्हणाली. "आज भुवई फुटली. उद्या डोकं फुटेल. रात्रंदिवस मी तिकडे जीव मुठीत धरून बसायचं का?"

मामा मध्ये पडले. "दार दिसत नाही कसं? मी रंगवलंय ते!"

"मग ये आणि बघ," भाची म्हणाली.

मामांनी बोळात जाऊन बघितलं, आणि त्यांना ते धड दिसलंच नाही. स्वतःच्या कामाकडे माणूस डोळ्यांनी कमी आणि अभिमानानं जास्त बघतो, तशातली गत. चौकट त्यांना पांढरीच वाटली. "उजेड कमी आहे म्हणून तुला तसं वाटतंय," असं म्हणून ते घरी गेले, फळीवरून दोन वर्षांपूर्वीची, त्याच डब्यातली पट्टी स्क्रू काढून घेऊन आले, आणि भाचीसमोर ऐटीत चौकटीला लावून धरली. "ही बघ! डबा तोच, महिना तोच."

आणि तिथेच त्यांची ऐट उतरली. पट्टी पांढरीशुभ्र, आणि तिच्याशेजारी चौकट लोण्यासारखी पिवळट. बदामी भिंतीत ती अशी मिसळून गेली होती, की डोळे शाबूत असलेल्या माणसानंही हात लावून खात्री करावी.

"डबा खराब निघाला असेल," मामा पुटपुटले. "हल्ली कंपन्या काय वाटेल ते भरतात."

नाचता येईना, अंगण वाकडं! पण भाची तपासणीवाली. तिनं पट्टी हातात घेतली आणि सहज उलटी केली. मागची बाजू चौकटीइतकीच पिवळी होती, कणभरही कमी नाही.

"मामा, ही मागची बाजू कुठल्या डब्यातली?"

"त्याच डब्यातली."

"मग ती अशी का? पट्टी कुठे असते तुझी?"

"खिडकीसमोर. पांढरा नेहमी उजेडातच तपासायचा असतो."

"आणि मागची बाजू?"

"फळीला चिकटलेली..." म्हणता म्हणता मामा थांबले. उन्हात राहिलेली बाजू पांढरी आणि अंधारात राहिलेली पिवळी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. चाळीस वर्षं मामांनी आपला रंग फक्त उन्हात तपासला, आणि लोकांच्या घरी लावला तो बोळांत, कपाटांच्या आत आणि बंद खोल्यांच्या दारांमागे.

घरी येऊन त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि एकेक पट्टी उतरवायला सुरुवात केली. पहिली उलटी केली, पिवळी. दुसरीही पिवळी. दहा झाल्या, वीस झाल्या. जेवढी जुनी तेवढी जास्त पिवळी. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"आपलं कपाटही आतून असंच झालंय," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं तुम्हांला चार वर्षांपूर्वी."

"आणि मी काय म्हणालो होतो?"

"तुझा चष्मा बदल म्हणालात."

मामांना खरंतर हे आठवत होतं. ते जमिनीवर पट्ट्यांच्या पसाऱ्यात बसून राहिले. किती घरांत, किती माणसांसमोर छातीठोकपणे सांगितलं आपण! त्यातल्या कितीजणांनी नंतर पिवळी दारं बघितली असतील आणि 'जाऊ दे, म्हातारा माणूस आहे' म्हणून गप्प बसले असतील! लाजेनं त्यांचे कान तापले. पण त्याहूनही वाईट वाटत होतं ते आक्काचं. आपल्या रंगावर विसंबून ती दोन वर्षं त्या बोळात वावरली. आता तिचं घर सुटणार होतं, आणि ते आपल्यामुळे.

सकाळी मामा मिशी उतरवून रंगाच्या दुकानात गेले. दुकान चालवणारी बाई वडिलांच्या मागं गेली दहा वर्षं गल्ल्यावर बसत होती. तिनं मामांना आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर मात्र ती मिशीबद्दल चकार शब्द बोलली नाही, हा तिचा चांगुलपणा.

"पिवळा न पडणारा पांढरा पाहिजे," मामा म्हणाले. "आतल्या दारांसाठी. अंधाऱ्या बोळातल्या."

"मामा, हे मी तुम्हांला पाच वर्षं सांगतेय. ऑइल पेंटमधलं तेलच पिवळं पडतं. उजेड असला तर ते दबून राहतं, अंधारात जोर धरतं. पाण्यातलं इनॅमल घ्या. त्यात ते तेलच नाही, तर पडणार काय पिवळं?"

"तुझ्या शब्दावर घेऊ?"

"माझ्या शब्दावर कशाला? मागं या."

दुकानामागच्या गोदामाला खिडकी नव्हती. आत दोन दारं होती. एक तिनं पाच वर्षांपूर्वी पाण्यातल्या इनॅमलनं रंगवून घेतलं होतं. बॅटरीच्या उजेडात ते कालच रंगवल्यासारखं पांढरं दिसलं. दुसरं दार चहात बुडवून काढल्यासारखं होतं.

"आणि हे कुणी रंगवलंय?" मामांनी विचारलं.

बाई जरा घुटमळली. "तुम्हीच, मामा. बाबा होते तेव्हा."

मामांना हसूच आलं. रडण्यापेक्षा बरं, म्हणून ते मनापासून हसले, आणि मग तीही हसली. तिनं त्यांना स्टूल देऊन सगळं नीट समजावलं. जुन्या ऑइल पेंटवर हा रंग थेट बसत नाही, आधी पॉलिश पेपरनं चकाकी मारायची, मग धरून ठेवणारा प्रायमर, मग दोन हात. पहिले काही आठवडे पाणी लागू द्यायचं नाही, तो वरून सुकला तरी आतून कडक व्हायला वेळ घेतो. आणि पांढरा म्हणजे एकच नसतो. तिच्याकडे तीन होते. एकात थोडी पिवळी झाक, एकात राखाडी, एकात अगदी पुसटशी निळी.

"यातला कुठला?" तिनं विचारलं.

चाळीस वर्षांत मामांनी गिऱ्हाइकाला रंग निवडू दिला नव्हता. "जिला बघायचाय तिलाच विचारतो," ते म्हणाले.

तिन्हींच्या पट्ट्या करून त्यांनी त्या आक्काच्या बोळात, बदामी भिंतीवर चिकटवल्या. दिवा लावला नाही. आक्का तिच्या सवयीनं मान वळवून कडेनं बघत राहिली. मामा बाजूला परीक्षेला बसलेल्या मुलासारखे हात बांधून उभे होते.

"किती आहेत?" आक्कानं विचारलं.

"तुला किती दिसतायत?"

"एक नक्की. उजवीकडचा. त्याच्याशेजारी आणखी एक असावा, पण तो भिंतीत जातोय. तिसरा असेल तर मला नाही दिसत."

उजवीकडचा निळ्या झाकीचा होता. मामांना एकट्याला निवडायला सांगितलं असतं तर त्यांनी तो 'थंड आहे' म्हणून बाजूला सारला असता.

मग कामाला लागले. भाची कामावर परत गेली होती. पंधरा दिवसांनी गाडी घेऊन येईन, तेव्हा बघू, असं सांगून. आक्काच्या दोन पेट्याही भरून ठेवल्या होत्या तिनं. त्या पेट्या पुढच्या खोलीत दिसत, आणि मामांचा हात भरभर चालायचा. पण नवा रंग त्यांना जुमानेना. ऑइल पेंट कसा, हळूहळू पसरतो, ब्रशच्या रेघा आपोआप भरून येतात. हा बघता बघता सुकायचा. मामा सवयीनं परत ब्रश फिरवायला जात, तोवर रंग धरलेला असायचा आणि ओरखडे उमटायचे. पहिली चौकट त्यांनी तीनदा घासून काढली. "म्हातारपणी शाळेत घातलंय मला," ते आक्कापाशी कुरकुरत. आक्का म्हणायची, "मग मुकाट्यानं शीक. लहानपणी शिकला असतास तर ही वेळ आली नसती."

शेवटी जमलं. थोडा रंग घ्यायचा, सरळ ओढायचा आणि परत वळून बघायचं नाही. बाराव्या दिवशी चारही दारं झाली. आरशासारखी नाही झाली, पण पांढरी झाली. इतकी, की बोळात पाऊल टाकताच चार चौकटी वेगवेगळ्या उभ्या दिसत.

पंधराव्या दिवशी सकाळी भाची आली. तिनं पायातले बूटही न काढता बोळात बघितलं. मग म्हणाली, "आई, जरा चालून दाखव."

आक्का चालली. हात भिंतीला न लावता झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेली, तिथून परत आली, अडगळीचं दार उघडून बंद केलं. प्रत्येक वळणावर ती चौकटीच्या बरोब्बर मधोमध होती. मामांना वाटलं, जिंकलो. पण भाचीचा चेहरा काही मोकळा झाला नाही. ती पेटीवर बसली.

"मामा, रंग छान झालाय. मनापासून सांगते. पण मला एक सांग, जुन्या चौकटी पिवळ्या काय एका दिवसात पडल्या? विचार हिला, कधीपासून दिसत नव्हत्या."

मामांनी आक्काकडे बघितलं. आक्का पदराशी चाळा करत होती.

"कधीपासून, आक्का?"

"झालं असेल वर्ष," आक्का म्हणाली. "पावलं मोजून जात होते मी. त्या दिवशी मोजायला चुकले."

"वर्ष? अगं, दर रविवारी मी विचारत होतो तुला!"

"विचारत होतास, आणि चौकटीवरून असा हात फिरवत होतास, जसा काही लेकराच्या पाठीवरून. काय सांगू तुला? तुझा पांढरा पिवळा पडला म्हणून सांगू? तुझं तोंड एवढंसं झालं असतं. मला नाही बघवलं असतं, म्हणजे, दिसलं असतं तेवढंही."

आपल्या बढाईची एवढी किंमत कुणाला मोजावी लागेल, असं मामांना कधी वाटलं नव्हतं. बहिणीनं त्यांचा अभिमान सांभाळायला कपाळ फोडून घेतलं होतं.

"हेच म्हणतेय मी," भाची हळू आवाजात म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "मला रंगाची भीती नाही, मामा. हिच्या गप्प बसण्याची भीती आहे. उद्या पुन्हा काही दिसेनासं झालं तर ही सांगणार नाही. तुला वाईट वाटेल म्हणून तुला नाही सांगणार आणि मी घेऊन जाईन म्हणून मला नाही सांगणार. मग मी हिला इथे ठेवू कशी?"

गाडी दारात उभी होती. पेट्या भरलेल्या होत्या. आक्का उठली, "तोंडावर पाणी मारून येते," म्हणून बोळात गेली आणि न्हाणीघराच्या दाराशी थांबली. नुसती थांबली, आत गेली नाही. भाची पटकन उठायला लागली, पण आक्काच बोलली.

"इथं खाली रंग उडालाय."

"कुठे?" मामांनी विचारलं.

"डाव्या अंगाला, जमिनीपासून वीतभर वर. तिथे चौकट तुटल्यासारखी दिसते. मला परवापासून दिसतंय. आज ही येणार म्हणून बोलले नव्हते. म्हटलं, हिला कळलं तर नेईलच. पण आता सांगते. उडालाय तुझा रंग, बाळ. चुकलंय तुझं काहीतरी."

मामा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी बोट लावून बघितलं. बादली घासली गेली होती, आणि तिथला तळव्याएवढा नवा रंग सालीसारखा सुटून खालचा जुना पिवळा उघडा पडला होता. भाची त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. 'बादली लागली तर कुठलाही रंग उडेल,' हे वाक्य मामांच्या ओठांपर्यंत आलं होतं. पूर्वीचे मामा असते तर ते बाहेरही पडलं असतं.

"चुकलंय," ते म्हणाले. "गुडघे दुखत होते. खालपर्यंत पॉलिश पेपर मारलाच नाही मी. वाटलं, खाली कोण बघतंय!"

"मी बघतेय," आक्का म्हणाली.

भाची दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं पायातले काढून दाराबाहेर ठेवले. "आई, अजून काय काय राहिलंय? सगळं सांग."

"स्वयंपाकघराच्या दाराला कडीपाशी काहीतरी खरखरीत लागतंय, ब्रशचे केस चिकटले असतील. अडगळीचं दार नीट मिटत नाही. आणि पुढच्या खोलीत कुणीतरी वाटेतच दोन पेट्या ठेवल्यात, त्यांना मी दोनदा ठेचकाळले."

भाची एकदम हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. पेट्या उचलून ती झोपायच्या खोलीत घेऊन गेली, आणि आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. आक्कानं तो ऐकला. तिनं चौकटीला हात टेकला आणि तशीच उभी राहिली.

मामा पॉलिश पेपर घेऊन फरशीवर पालथे पडले होते. ओल्या जमिनीची, धुळीची, कशाची पर्वा नव्हती त्यांना. "बरोबर झालं का गं?" ते खालून विचारत होते, आणि आक्का मान तिरकी करून वरून सांगत होती, "नाही. अजून खाली. अजून थोडं डावीकडे." आणि बरोबर सांगत होती.